फाटकावरचा वेलीगुलाब

सोलापूर, ९ मार्च २०२५

अक्का,

पाकिटावर मागे नाव-पत्ता घातलेला नाही, तरी अक्षरावरून ओळखलं असशील. तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. दुधनीला तुझ्या सासरी पाठवलं तर कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. फोन करून बघितला, लागत नाही. मेसेजवर एकच टिक येते. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. असू दे. भांडायला लिहीत नाही.

काम गुलाबाचं आहे.

फाटकावरच्या वेलाचा बहर संपत आलाय. यंदा असा फुलला की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून फोटो काढत होते. पण तू गेल्यापासून त्याची नीट छाटणी झालीच नाही. बाबांनी केलेली लोखंडी कमान आता दिसतसुद्धा नाही. एक फांदी विजेच्या तारेला टेकलीय. दुसरी शेजारच्या सिद्धम्मांच्या गच्चीवर गेलीय. त्या कपडे वाळत घालायला आल्या की पदर अडकतो आणि मग कानडीत काहीतरी बोलतात. आतून सगळं वाळून कोळ झालंय, वरवर तेवढा हिरवा दिसतो.

बाबा म्हणतात, बाकीचे गुलाब दसऱ्याला कापायचे, पण ह्याचा बहर सरला की लगेच कापायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षीची फुलं गेली. फुलून गेलेली फांदी बुडातून काढायची, नवी ठेवायची आणि ती आडवी वाकवून बांधायची, एवढं मलाही पाठ आहे. पण फुलून गेलेली कोणती आणि नवी कोणती, हे तू कशावरून ओळखायचीस? मला सगळ्या सारख्याच दिसतात. तुम्ही दोघं करत होता तेव्हा मी आत अभ्यासाचं सोंग करून बसायचे, काट्यांची भीती म्हणून. तू स्टुलावर, बाबा खाली काठीनं दाखवणारे, आणि दोघांची वादावादी. ती आतून ऐकायला यायची. मजा वाटायची.

आता बाबांना स्टुलावर चढवणं शक्य नाही. साखर काही केल्या ताब्यात येत नाही. पायाच्या आधीच गेल्या होत्या, आता हाताच्या बोटांच्याही जाणिवा गेल्यात. परवा चहाचा पेला पोळत असताना तसाच धरून बसले होते. मी ओरडले तेव्हा त्यांना कळलं. म्हणून कात्री मी माळ्यावर टाकलीय आणि त्यांना सांगितलंय, कुणीतरी माळी बघते.

तुझी आठवण काढतात. परवाच म्हणाले, "तेजू असती तर एका सकाळीत उरकलं असतं."

दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. फक्त गुलाबाचं लिहिलंस तरी चालेल.

चैताली


२ एप्रिल

अक्का,

तुझं उत्तर नाही. माळीही मिळाला नाही. जो आला तो म्हणाला, सगळं मुळापासून काढून टाका आणि मोगरा लावा. बाबांनी त्याला फाटकाबाहेर घालवलं.

मग जे व्हायचं ते झालं. मार्चअखेर म्हणून आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात उशीर होत होता. एके दिवशी घरी आले तर फाटकापासून पायरीपर्यंत नुसत्या फांद्या. बाबा पायरीवर बसलेले, शेजारी कात्री. माळ्यावरून त्यांनी ती कशी काढली, देव जाणे. अर्धी कमान मोकळी झाली होती आणि अर्धी तशीच होती. मोकळ्या भागात नव्या हिरव्या फांद्या एकेक करून आडव्या वाकवून सुतळीनं बांधलेल्या. खरं सांगू, सुंदर केलं होतं. पूर्वीसारखं.

मी बोलायला लागले तर म्हणाले, "लई बोलू नगं. च्या टाक. अर्धं ऱ्हायलंय, ते उद्या करतो."

मी हात बघितले. दोन्ही हात ओरबाडलेले, रक्त वाळलेलं. "काटा मोडलाय का कुठं?" विचारलं, तर म्हणाले, "मला काय म्हाईत? दुखतच न्हाय तर."

उजव्या हाताच्या मधल्या बोटात टोक मोडून बसलं होतं, ते दुसऱ्या दिवशी दिसलं. सुईनं काढलं. थोडी सूज आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. काळजी करण्यासारखं नाही.

उरलेली अर्धी बाजू मी रविवारी करेन. जुनी फांदी कशी ओळखायची, तेवढं कळव. बाबांना विचारलं की ते स्वतः उठायला बघतात, म्हणून त्यांना विचारत नाही.

चैताली


१४ एप्रिल

अक्का,

दवाखान्यातून लिहितेय. बाहेर मिरवणुकीचे आवाज येतायत. पहिल्यांदाच असं झालं की जयंतीच्या दिवशी बाबांनी पांढरा सदरा घातला नाही. सकाळी मीच त्यांच्या उशाशी बसून वंदना म्हटली. शेवटपर्यंत म्हणता आली नाही. नर्स सुई द्यायला आली.

मागच्या पत्रात मी काळजी करण्यासारखं नाही असं लिहिलं. तेव्हाच बोट काळं पडायला लागलं होतं. तुला घाबरवायचं नव्हतं. की तू घाबरणारच नाहीस, हे मला बघायचं नव्हतं, कोण जाणे. बोट काढलं. त्यानंही थांबलं नाही, विष तळहातात उतरलं. परवा मनगटापासून हात काढला. उजवा. डॉक्टर म्हणतात, आता किडनीचं बघायचं. एका काट्यानं एवढं होतं का, मी विचारलं. ते म्हणाले, साखर एवढी असली की होतं.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं काय विचारलं असेल? "उरलेलं बांधलंस का गं?"

मी हो म्हटलं. बांधलेलं नाही.

आणखी एक सांगायचंय. बाबा तुझी आठवण काढतात असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. "तेजू असती तर" वगैरे ते काही बोलले नाहीत. गेली तीन वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. कुणी घेतलं तर उठून अंगणात जातात आणि वेलाची वाळलेली पानं वेचत बसतात. तू उत्तर द्यावंस म्हणून मी ते रचलं.

तुला वाटत असेल, लग्नाचा राग अजून धरून बसलेत. तसं नाही. गुरुशांत त्यांना आवडला होता. "पोरगा मान खाली घालून बोलत न्हाय, बरा हाय," असं तुझ्या पाठीमागं म्हणाले होते. दुसऱ्या जातीतला म्हणून त्यांनी कधी काही म्हटलं नाही. लग्नाला आपल्यातल्या कुणालाही बोलावू नका म्हणालीस, तेही त्यांनी गिळलं. "नव्या घरात पाय रोवू दे, मग सांगंल ती," एवढंच म्हणाले.

मग एक दिवस नागप्पाकाका घरी आले. होटगीला बाबांबरोबर रेल्वेच्या गँगमध्ये होते ते, आता दुधनीत राहतात. फाटकातूनच हसत ओरडले, "सिद्राम, आरं तू तर मेलास की!" तुझ्या सासऱ्यांच्या आडत दुकानात ते काही कामानं गेले होते. बोलता बोलता सूनबाईच्या माहेरचं विचारलं. सासरे म्हणाले, पोरीला कुणी नाही, आईवडील लहानपणीच गेले, पुण्याला मामाकडं वाढली. काकांना वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय. तिथं काही न बोलता, गंमत म्हणून इथं सांगायला आले.

बाबाही हसले, अक्का. त्यांच्याबरोबर मोठ्यानं हसले. मला चहा टाकायला सांगितला. काका गेल्यावर कपबश्या स्वतः धुतल्या. मग म्हणाले, "आई तर खरंच न्हाय. माझंच तेवढं खोटं सांगितलं तिनं."

तेव्हापासून तुझं नाव बंद झालं.

तू तसं का सांगितलंस, ते मला कळतं. आडनाव सांगितलं की पुढचं सगळं कळतं, आणि मग त्या घरात तुझं काय झालं असतं, ते मला कळतं. मलाही ऑफिसात लोक आडनाव पुन्हा विचारतात. पण आता ते खरंच चाललेत. दुधनी काय लांब आहे? सकाळच्या गाडीनं निघालीस तर दुपारी परत जाशील. काहीही सांगून ये.

वॉर्डचा नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय.

चैताली


१९ एप्रिल

अक्का,

काल शाळेतून तुझा फोन आला आणि मला बोलताच आलं नाही. तू म्हणालीस, "घरात काय सांगून निघू?"  तू म्हणालीस, "माझे वडील आजारी आहेत असं कसं सांगू, चैतू?" आणि मग तू रडायला लागलीस आणि मागून कुणीतरी मॅडम, मॅडम म्हणून हाक मारली आणि तू फोन ठेवलास.

मी दिवसभर त्यावर विचार केला. तुला रजा मागता येत नाही. तुला रडता येत नाही. ते गेले तर तुला सुतकही पाळता येणार नाही, कारण त्या घरात ते कधीच गेलेले आहेत.

तुझ्यावर राग काढायचं ठरवलं होतं. जमत नाही. पण कीवही येत नाही. काहीच येत नाही. वॉर्डातल्या पंख्याखाली बसून राहते.

बाबांचे पाय सुजलेत.

चै.


२९ एप्रिल

अक्का,

तू तिथंच होतीस, तरीसुद्धा हे लिहितेय. कारण तू सगळा वेळ फरशीकडं बघत होतीस. बाबांचा चेहरा तू बघितला नाहीस. तो मी बघितला.

सासूबाईंचे डोळे दाखवायच्या निमित्तानं येशील, असं मला वाटलंच नव्हतं. डोळ्यांचा विभाग खाली, आपला वॉर्ड वर. चांगली युक्ती होती. त्यांना खाली बाकावर बसवून आलीस. बाबांच्या खाटेजवळ उभी राहिलीस. बाबांनी डोळे उघडले, तुझ्याकडं बघितलं.   त्यांचा डावा हात चादरीवरून थोडासा पुढं सरकला होता. तुला दिसला का ते माहीत नाही.

आणि तेवढ्यात तुझ्या सासूबाई, रत्नम्मा, आल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, भिंत चाचपत, तुला शोधत. बिचाऱ्या एकट्या घाबरल्या असतील. "यारव्वा इवरु? कोण गं हे?" म्हणाल्या.

तुझं तोंड पांढरं पडलं.  कोण बोललं? बाबा.

"होटगीला आमच्या शेजारी ऱ्हायची ही पोर," बाबा म्हणाले. "ल्हानपणची वळख. हितं दिसली म्हणून भेटाय आली. लई चांगल्या माणसाची लेक हाय, बाई. बाप गेला बिचारा लौकर."

रत्नम्मा स्टूल ओढून बसल्याच. "हौदु, हौदु," म्हणाल्या. "होय, ती सांगते की. अप्पा लई चांगले होते म्हणते."

बाबांनी विचारलं, "आठवण काढती व्हय?"

"काढते की! आमच्या दारात वेलाचा गुलाब लावलाय तिनं. कुणाला हात लावू देत नाही. स्वतःच कापते, स्वतःच बांधते. अप्पांनी शिकवलं म्हणते."

"कवा कापती?"

"फुलं झाली की लगेच. मी म्हटलं, दसऱ्याला काप. नको म्हणते."

"बरोबर हाय तिचं," बाबा म्हणाले.

अक्का, तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता ते मला लिहिता येत नाही. कौतुक होतं त्यात. आणि त्याच वेळी कुणीतरी आतून पिळून काढावं तसा दिसत होता. रत्नम्मांनी पिशवीतून एक मोसंबं काढून त्यांच्या उशाशी ठेवलं, "देवरु छलो माडली, देव बरं करो" म्हणाल्या, आणि तुझा दंड धरून निघाल्या. तू वळून बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर सगळं फुटलं असतं, हे कळतं. तरीपण.

त्या वाईट नाहीत. मला त्या वाईट असायला हव्या होत्या.

तुम्ही गेल्यावर मी बाबांवर चिडले. म्हटलं, "तुम्ही असं का बोललात? स्वतःला मेलेला का म्हणालात?"

"मग काय बोलू?" म्हणाले. "तिचं घर मोडू? बाई चांगली हाय. पोरगी सुखात हाय."

"म्हणजे माफ केलंत तिला?"

"न्हाय," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "न्हाय. त्याचा काय संबंध हाय हितं?"

मग तोंड भिंतीकडं केलं. मोसंबं सोलून देऊ का, विचारलं, तर मान हलवली. रात्री जेवले नाहीत. त्यानंतर माझ्याशी फारसं बोललेच नाहीत. वेलाचंही विचारत नाहीत. तो त्यांनी तुझ्या दारातल्या वेलात बघून टाकला, असं मला वाटतं.

डॉक्टरांनी आज मला बाजूला बोलावलं होतं.

चैताली


१३ मे

अक्का,

निरोप मिळाला असेल. ज्या सकाळी बाबा गेले त्याच सकाळी मी शाळेत फोन केला होता; सुट्टी असली तरी ऑफिस उघडं असतं. तिथल्या क्लार्कनी विचारलं, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "ओळखीची." "काय निरोप देऊ?" मी म्हटलं, "तेजश्री मॅडमना सांगा, होटगीचे काका गेले." असं म्हणताना माझा आवाज स्वच्छ होता. मलाच आश्चर्य वाटलं.

तू आली नाहीस. मी वाट बघितली नाही असं नाही. मोदी भागातल्या स्मशानभूमीत शेवटपर्यंत रस्त्याकडं तोंड करून उभी होते. होटगीची जुनी मंडळी आली होती. नागप्पाकाका सगळ्यात पुढं होते आणि लहान पोरासारखे रडत होते. त्यांनी मला विचारलं, "थोरलीला कळवलं का?" मी म्हटलं, "कळवलंय." 

घरी एकटीच आहे. सिद्धम्मा सकाळ-संध्याकाळ भाकरी आणून ठेवतात. बाबांची खाट अजून काढलेली नाही. ऑफिसात रुजू झाले, पण एकच बिल तीन वेळा करते आणि तिन्ही वेळा चुकते. सायबांनी आणखी रजा घ्या म्हटलं. रजा घेऊन करू काय?

वेलाचं सांगायचं राहिलं. उरलेली अर्धी बाजू परवा मी कापली. वीज मंडळाचे लोक तारेला लागलेली फांदी तोडायला आले होते. ते सगळंच तोडतील म्हणून त्यांना घालवलं आणि स्वतःच स्टुलावर चढले. उन्हानं कात्री तापली होती. जुनी फांदी करडी असेल, जाड असेल, असं धरून चालले आणि हिरव्या, कोवळ्या ठेवत गेले. मग बांधायला लागले, तेव्हा दिसलं की ज्या ठेवल्या त्या बहुतेक खालच्या रान फुटव्याच्या आहेत. त्यांना फुलं येत नाहीत. आणि ज्या नव्या म्हणून ठेवायच्या होत्या त्या उन्हानं करड्या पडल्या होत्या. त्या मी कापल्या. ढिगातून एकेक उचलून बघितली. पुढच्या वर्षीचे डोळे होते त्यांच्यावर, फुगलेले. मी त्या परत लावता येतील का म्हणून हातात धरून उभी राहिले. वेड्यासारखी.

बाबांनी केलेली बाजू आहे तशी आहे. माझी बाजू बोडकी आहे. मधे कमान उभी. येणारे-जाणारे बघतात. मला आता तिकडं बघवत नाही, म्हणून मी मागच्या दारानं जाते-येते.

रविवारी जलदान विधी आहे. पुण्यानुमोदनाची कार्डं छापायला काल गेले होते. दुकानातल्या माणसानं सगळं नीट विचारून घेतलं. नाव, गाव, रेल्वेत कुठल्या पदावर होते, भंतेजी कोण येणार. मग पेन थांबवून म्हणाला, "ताई, शोकाकुलमध्ये मुलांची नावं सांगा."

 तुझं नाव घातलं असतं तर कार्ड होटगीला गेलं असतं, होटगीवरून दुधनीला नागप्पाकाकांकडं, आणि पुढं बाजारात कुणाच्याही हातात. तुझ्या सासऱ्यांच्या दुकानात अशी कार्डं काउंटरवर पडलेली असतात, हे काकांनीच सांगितलं होतं.

तो म्हणाला, "मुलगे नाहीत का?"

मी म्हटलं, "नाहीत."

"मुली?"

"एकच," मी म्हटलं. "मी."

त्यानं तसं लिहून घेतलं आणि मला पुन्हा वाचून दाखवलं. मी बरोबर आहे म्हणाले.

कार्ड तुला पाठवत नाही.

चैताली